परत आलेला मुलगा

आमच्या पठारावर ऑगस्टात सलग तीन दिवस धुकं पडलं की बटाटा लावलेल्या घरात कुणाला धड झोप लागत नाही. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार, पावसाळी बटाट्याचं माहेरघर. नाना, म्हणजे माझे वडील, पहाटे उठून कंदील, आणि आता मोबाईलचा उजेड घेऊन, सरीत उतरतात. पान उलटं करून बघतात. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग आणि खालून पांढुरकी बुरशी दिसली की संपलं. त्याला आम्ही करपा म्हणतो. फवारणीला एक दिवस उशीर झाला तर तिसऱ्या दिवशी सगळं शेत कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखं दिसतं आणि एक कुजका, आंबूस वास बांधापर्यंत येतो. माझ्या लहानपणी एका वर्षी तो वास आमच्या घरात आठवडाभर होता. आईनं त्या दिवाळीत नवीन कपड्यांचा विषय काढला नाही.

हाच करपा १८४५ साली आयर्लंडमध्ये आला. हाच म्हणजे अगदी हाच, तीच बुरशी. १८४६ साली तो परत आला आणि जवळजवळ सगळं पीक घेऊन गेला. आम्ही बटाटा पैशासाठी लावतो, जेवायला घरात बाजरी असते. तिथल्या गरिबाच्या ताटात दुसरं काही नव्हतंच. पुढच्या पाच-सहा वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि तापानं गेली, आणि तितकीच, किंबहुना जास्तच, बोटीत बसून देश सोडून गेली.

मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे तो विल्यम रसेल ग्रेस त्याच १८४६ साली घरातून पळाला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

त्याचं नाव मी आधी इमारतीवर वाचलं. न्यूयॉर्कमध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावर, ब्रायंट पार्कच्या समोर, एक पन्नासेक मजली पांढरी इमारत आहे. तिचा दर्शनी भाग खाली येता येता पुढे झुकत जातो, घसरगुंडीसारखा. तिला ग्रेस बिल्डिंग म्हणतात. माझं ऑफिस तिथून चालत पाच मिनिटांवर. ऊन असलं की मी डबा घेऊन पार्कातल्या हिरव्या लोखंडी खुर्चीवर बसतो, आणि जेवताना ती इमारत समोर असते. कित्येक वर्षं मला वाटत होतं की ग्रेस म्हणजे चर्चमधली ‘ईश्वरी कृपा’ असावी. मग एकदा सहज शोधलं, तर ते एका माणसाचं आडनाव निघालं. ज्या कंपनीच्या नावानं ही इमारत आहे ती काढणारा हा माणूस आयर्लंडचा. न्यूयॉर्कचा दोनदा महापौर झालेला, आणि या शहराचा पहिला कॅथलिक महापौर.

अशी माणसं इथं पुष्कळ आहेत, कफल्लक आला आणि करोडपती झाला या साच्यातली. मी तो मजकूर तिथंच मिटवला असता. पण चरित्राच्या पहिल्याच परिच्छेदात एक ओळ होती आणि ती ओळ वाचून माझा घास हातातच राहिला. दोन वर्षं न्यूयॉर्कमध्ये छापखान्यात, चांभाराच्या दुकानात हरकाम्या म्हणून राबून १८४८ मध्ये तो आयर्लंडला परत गेला.

परत गेला. ज्या देशातून लोक जिवाच्या आकांतानं बाहेर पडत होते, त्या देशात एक सोळा वर्षांचा मुलगा उलट दिशेनं गेला.

मीही परत गेलो होतो. २००८ मध्ये न्यू जर्सीत आलो, गावातला पहिला अमेरिकेला गेलेला मुलगा म्हणून. हनुमानाच्या देवळासमोर सत्कार झाला, फेटा बांधला, सरपंचांनी भाषण केलं. २००९ मध्ये मंदीचा फटका आमच्यापर्यंत आला, आणि एका शुक्रवारी दुपारी आमच्या अख्ख्या टीमला मीटिंग रूममध्ये बोलावून पुठ्ठ्याची खोकी दिली. नोकरी गेली की व्हिसाही गेला. मंचरच्या एसटी स्टँडवर मी दोन बॅगा घेऊन उतरलो तेव्हा पहिल्या भेटलेल्या माणसानं विचारलं, “किती दिवसांची सुट्टी?” मी म्हणालो, “बघू.” मग पुढची दोन वर्षं तो प्रश्न मला कुणी ना कुणी विचारत राहिलं. लग्नात, दहाव्याला, दूध डेअरीवर. नाना मात्र त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले होते, “आलास का? बरं झालं. हातपाय धू, जेवायला बस.” त्यानंतर त्यांनी या विषयावर एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बटाटा काढणीला मला हाक मारली.

म्हणून मला महापौर ग्रेसपेक्षा १८४८ चा ग्रेस जवळचा वाटतो. त्याचं घर काही झोपडी नव्हती. क्वीन्स काउंटी, म्हणजे आजच्या लीश परगण्यातल्या बॅलीलिनन गावात ग्रेस कुटुंबाची जमीन होती, खाऊनपिऊन सुखी घर. त्याचा जन्म मात्र घरचे प्रवासात असताना, कॉर्क बंदराजवळ झालेला. भुकेनं तो पळाला असं म्हणता येणार नाही. पण ज्या देशात रस्त्याच्या कडेला माणसं मरून पडत होती, त्या देशात चौदा वर्षांच्या मुलाला समुद्राकडे बघून काय वाटत असेल, याची कल्पना करायला भूकच लागते असं नाही. पठारावरच्या माझ्या वयाच्या मुलांनाही पुण्याची एसटी बघून तेच वाटायचं.

आणि वडील? जेम्स ग्रेस. पोरगं न सांगता पळालं, दोन वर्षांनी परत आलं. पुढे तीन वर्षांनी, १८५१ मध्ये, हा बाप स्वतःच बोटीत बसला आणि त्याच मुलाला बरोबर घेऊन पेरूला निघाला. आयरिश शेतकऱ्यांची एक वसाहत तिकडे उभारायची, दुष्काळातून बाहेर काढलेल्या माणसांना जमीन आणि काम मिळवून द्यायचं, असा बेत होता. पळालेल्या मुलाला रागावण्याचा हा प्रकार मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. चल, आता दोघं मिळून जाऊ.

गेले कुठे, तर बटाट्याच्या मूळ घरी. बटाटा अँडीज पर्वतातला. पेरूच्या डोंगरउतारांवर हजारो वर्षं लोक तो पिकवत आले आहेत, शेकडो जातींचा. तिथून तो स्पॅनिश जहाजांतून युरोपात आला, आयर्लंडच्या हाडात मुरला, आणि शेवटी त्या देशाला सोबत घेऊन कुजला. जेम्स ग्रेसला याचं काही वाटलं असो नसो, मला ही वाट फार मोठी वाटते. त्याच पिकाची आणखी एक फांदी आमच्या पठारावर येऊन पोचली आहे.

वसाहत फसली. किनाऱ्यावरची हवा, ताप, उसाच्या मळ्यातलं काम, काहीच आयरिश माणसांना मानवलं नाही. जेम्स परत फिरला. एकोणीस वर्षांचा विल्यम कयाओ बंदरात राहिला, ब्राइस नावाच्या एका व्यापारी पेढीत कामाला. जहाजांना लागणारा माल पुरवणं हा त्या पेढीचा धंदा. दोर, शिडाचं कापड, डांबर, पिठाची पिंपं, खारवलेलं मांस. तीन वर्षांत, १८५४ मध्ये, पेढीचं नाव ‘ब्राइस, ग्रेस अँड कंपनी’ झालं.

पण ही जहाजं तिथं कशासाठी येत होती? पक्ष्यांच्या शीटीसाठी. इथं जरा थांबतो, कारण शेतकऱ्याच्या घरातला माणूस या गोष्टीवरून घाईनं पुढे जाऊ शकत नाही. आमच्याकडे नाना दरवर्षी धनगरांना पैसे मोजून त्यांच्या मेंढ्या चार रात्री वावरात बसवतात. लेंडीखत पडलेल्या वावराचा बटाटा वेगळाच निघतो हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. पेरूच्या लोकांनाही हे इंकांच्या काळापासून ठाऊक होतं. पिस्कोच्या किनाऱ्यासमोर चिंचा नावाची तीन छोटी बेटं आहेत. तिथला समुद्र थंड, त्यामुळे मासळी अमाप. मासळीवर लाखो समुद्रपक्षी. आणि पाऊस जवळजवळ नाहीच. पाऊस पडला असता तर शीट धुऊन गेली असती. पडला नाही म्हणून शतकानुशतकं ती थरावर थर साचत गेली, काही ठिकाणी दीडशे फुटांपेक्षा उंच. वाळलेली, पिवळट, नत्र आणि स्फुरदानं भरलेली. तिला ग्वानो म्हणतात. मूळ शब्द तिथल्या केचुआ भाषेतला, अर्थ खत. आपल्याकडे मैल्याच्या खताला सोनखत म्हणतात. हा शब्द कुणी ठेवला असेल तो माणूस शेतीतला जाणता असला पाहिजे. ग्वानोलाही तो शोभला असता. युरोपातली थकलेली जमीन या खतानं पुन्हा उभी राहायला लागली, आणि १८४० ते १८८० या चाळीस वर्षांत पेरूनं सुमारे सव्वा कोटी टन शीट जहाजांत भरून विकली. देशाचा अर्धाअधिक कारभार तिच्यावर चालला.

चिंचा बेटांसमोर एका वेळी शंभर-शंभर जहाजं नांगर टाकून उभी असायची. भरायची पाळी येईपर्यंत आठवडे, कधी महिने जायचे. खलाशांचं पीठ संपायचं, दोर झिजायचे, पाण्याची टंचाई. सामान आणायचं तर पुन्हा कयाओला जावं लागे, तिथपर्यंत शंभराहून अधिक मैल. तरुण ग्रेसनं काय केलं, तर एक जहाज मालानं भरून बेटांजवळ कायमचं नांगरून ठेवलं. तरंगतं किराणा दुकान. ज्याला जे हवं ते त्यानं होडीनं येऊन घ्यावं. मला या कल्पनेचं कौतुक तिच्या साधेपणामुळे वाटतं. ग्वानो त्याच्या मालकीचं नव्हतं, बेटं त्याची नव्हती, जहाजंही त्याची नव्हती. ताटकळणाऱ्या माणसाला काय लागतं एवढंच त्यानं बघितलं. पंढरीच्या वाटेवर चहाचा टपरीवाला बघतो तसं. १८५९ मध्ये त्यानं लिलियस गिलक्रेस्टशी लग्न केलं. ती अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका जहाज बांधणाऱ्याची मुलगी. त्यांचा सुरुवातीचा संसार याच तरंगत्या दुकानावर झाला.

त्या जहाजाच्या डेकवरून काय दिसत असेल?

पक्षी दिसत असतील, पिवळट कडे दिसत असतील, आणि त्या कड्यांवर माणसं. ती माणसं मुख्यतः चिनी होती. दक्षिण चीनमधून करारावर, पुष्कळदा फसवून किंवा पळवून, पेरूत आणलेले मजूर. १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत पेरूत असे नव्वद हजार ते एक लाख चिनी मजूर उतरवले गेले. बहुतेक उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांत गेले, काही रेल्वेवर, आणि ज्यांचं नशीब सगळ्यांत वाईट ते बेटांवर. कुदळीनं खणायचं, हातगाडीनं कड्याच्या टोकाला न्यायचं, तिथून लांबलचक कापडी नळ्यातून थेट जहाजाच्या पोटात ओतायचं. दिवसाला चार-पाच टन खणल्याशिवाय सुटका नाही. अमोनियाच्या धुरळ्यानं डोळे फुटायची वेळ येते, नाकातून रक्त येतं. तोंडाला चिंधी बांधून काम. कमी पडलं तर चाबूक. कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या टाकल्या, आणि उडी मारू नये म्हणून पहारे बसवावे लागले.

त्याच दशकांत आपल्या कोकणातून माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसच्या उसात गेली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज तिथं गणपती बसवतात, मराठी शिकतात. चिंचा बेटांवर गणपती बसवायला कुणी उरलं नाही. एवढाच फरक सांगून मी थांबतो, कारण यापुढे मला शब्द सुचत नाहीत.

ग्रेसच्या गोष्टीत ही माणसं कुणी आणत नाही. मी त्याच्यावर जितकं वाचलं त्यात दुकानाचं जहाज हे हुशारीचं उदाहरण म्हणून येतं, आणि ते आहेच. पण त्या दुकानाचं गिऱ्हाईक ज्या मालासाठी ताटकळत होतं, तो माल कुणीतरी रक्त ओकत खणत होतं. दुष्काळातून निसटलेला एक मुलगा रोज सकाळी ते बघत होता. मी त्याला यासाठी खलनायक ठरवत नाही. पण त्याचं नाव इमारतीवर वाचताना त्या कड्याची आठवण ठेवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. मी ज्या ऑफिसात बसतो तिथं रात्री दहानंतर साफसफाईला येणारी बाई इक्वाडोरची आहे. तिचा कॉफीचा कप आणि माझा कप आता एकाच फळीवर असतो. हे मी ग्रेसबद्दल वाचल्यानंतर सुरू झालं.

१८६५ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला आला. म्हणजे पहिल्या फेरीनंतर जवळजवळ एकोणीस वर्षांनी. या वेळी त्याच्याकडे पैसा होता, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं प्रत्येक बंदर पाठ होतं, आणि कयाओत धंदा सांभाळायला धाकटा भाऊ मायकल होता. डब्ल्यू. आर. ग्रेस अँड कंपनी उभी राहिली. अँडीजमध्ये रेल्वे चढत होती, तिला लाकूड आणि रूळ लागत होते, ते ग्रेसनं पुरवले. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटलं तेव्हा पेरूला हत्यारं पुरवली. युद्ध पेरू हरला, नायट्रेटचा प्रदेश गेला, ग्वानो तर त्याआधीच संपत आलं होतं, आणि कर्जाचा डोंगर उरला. मग मायकलच्या पुढाकारानं करार झाला. परदेशी धनकोंनी कर्ज माफ करायचं, बदल्यात पेरूच्या रेल्वे ६६ वर्षांसाठी त्यांच्या ताब्यात, ३० लाख टनांपर्यंत ग्वानो, टिटिकाका सरोवरातल्या बोटी. १८९० मध्ये त्यासाठी लंडनला पेरुव्हियन कॉर्पोरेशन स्थापन झालं. ज्या देशानं एका फसलेल्या वसाहतीतल्या मुलाला थारा दिला, तो देश असा गहाण पडला. विल्यम ग्रेसला ‘पेरूचा समुद्री चाचा’ म्हणणारे लोक होते, आणि मला ते सर्वस्वी चूक वाटत नाहीत. सावकाराकडे सात-बारा गहाण पडलेलं घर आमच्या पठारानं बघितलेलं आहे. सावकार नम्रपणेच बोलतो.

या सगळ्या व्यवहारातून डोकं बाहेर काढून मी पुन्हा पुन्हा १८८० या वर्षाकडे येतो.

१८७९ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला बटाटा पुन्हा बसला. सतत पाऊस, करपा, त्यात कुळांवर खंडाची थकबाकी. आधीच्या दुष्काळाची आठवण असलेली माणसं अजून जिवंत होती, त्यांची दातखीळ बसली. न्यूयॉर्कमध्ये मदत गोळा झाली. ‘कॉन्स्टेलेशन’ नावाचं अमेरिकन नौदलाचं शिडाचं जहाज त्यासाठी देण्यात आलं, आणि तोफा उतरवून त्यात बटाट्याची आणि पिठाची पिंपं भरण्यात आली. मार्च १८८० च्या अखेरीस ते निघालं. या मदतीचा एक चतुर्थांश खर्च एकट्या विल्यम ग्रेसनं दिला. एप्रिलमध्ये ते जहाज कॉर्कच्या बंदरात लागलं, ज्याच्या जवळ अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्याचा जन्म झाला होता.

ते जहाज आजही आहे. बाल्टिमोरच्या बंदरात बांधून ठेवलंय, तिकीट काढून आत जाता येतं. मागच्या वर्षी मी गेलो. खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं, तुळया डोक्याला लागतात. काळं पडलेलं ओक लाकूड, त्यावर लाटांच्या हेलकाव्यानं जुन्या वाड्याच्या जिन्यासारखी कुरकुर. मी एका तुळईला हात लावून उभा राहिलो. बटाट्याचा वास इतक्या वर्षांनी कसा येईल, तरी मी हुंगून बघितलं. आमच्या घरामागे काढणीनंतर नाना आरण लावतात, बटाट्याचा ढीग आणि वर पाचटाचं पांघरूण, त्यात तोंड घातलं की जो गार मातीचा वास येतो तो मला हवा होता.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ग्रेस महापौरपदासाठी उभा राहिला. विरोधकांनी त्याच्या धंद्यावर बोलण्यापेक्षा धर्मावर बोलणं पसंत केलं. कॅथलिक महापौर आला तर सरकारी शाळा पोपच्या ताब्यात जातील, अशी आवई उठवली. दोन लाखांच्या मतदानात तो जेमतेम ३ हजारांनी निवडून आला. शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची सूत्रं हलवणाऱ्या ज्या टॅमनी हॉलच्या टोळीनं त्याला तिकीट दिलं होतं, त्यांना वाटलं होतं की हा व्यापारी माणूस सांगितल्या जागी सही करेल. त्यानं केली नाही. नेमणुका वशिल्यानं देण्याला आडवा आला, पोलीस खात्यातल्या हप्तेबाजीच्या मागे लागला. १८८४ मध्ये टॅमनीनं त्याच्याविरुद्ध आपला उमेदवार दिला, ग्रेस अपक्ष म्हणून उभा राहिला आणि पुन्हा निवडून आला.

रस्तेसफाईचा भाग मला विशेष आवडतो. तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये लाखाहून जास्त घोडे होते. त्यांची लीद, मेलेली जनावरं, घराघरातली राख, सगळं रस्त्यावर. सफाईचं काम पोलीस खात्याकडे, म्हणजे कुणाकडेच नाही. ग्रेसच्या पहिल्याच वर्षात, १८८१ मध्ये, सफाईचं स्वतंत्र खातं निघालं. शीटीनं श्रीमंत झालेला माणूस लीद उचलायला बसला हे मला गमतीचं वाटत नाही, अगदी योग्य वाटतं. घाणीत काय आहे हे ज्यानं आयुष्यभर बघितलं त्यालाच ती कशी हलवायची ते कळणार.

जून १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सहून सुटा करून, दोनशेच्या वर खोक्यांत भरून न्यूयॉर्कच्या बंदरात आला. शहराच्या वतीनं त्याचं स्वागत करायला महापौर ग्रेस होता. चबुतराच अजून पुरा झाला नव्हता, पैसे कमी पडत होते. एका वर्तमानपत्रानं आवाहन केल्यावर लाखाहून जास्त माणसांनी आणे-पैशांसारख्या रकमा पाठवल्या. पुतळा उभा राहिला तो ऑक्टोबर १८८६ मध्ये, तेव्हाही महापौर तोच. एकोणचाळीस-चाळीस वर्षांपूर्वी याच धक्क्यांवर एक चौदा वर्षांचा पोरगा उतरला होता तेव्हा तिथं ना पुतळा होता, ना एलिस आयलंडवरचं स्थलांतरितांची नोंद करणारं केंद्र, ना स्वागताला कुणी. आणि दोन वर्षांनी तो इथूनच हात हलवत परत गेला होता. पुतळ्याच्या अनावरणाच्या दिवशी त्याला त्या परतीच्या बोटीची आठवण झाली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परत गेलेला माणूस ते कधी विसरत नाही. माझी आई अजून माझ्या २००९ च्या बॅगेतलं एक स्वेटर वापरते. ते दारामागे अडकवलेलं दिसलं की माझ्या पोटात काहीतरी हलतं.

१८९७ मध्ये ग्रेस आणि मायकलनं ग्रेस इन्स्टिट्यूट काढली. मुलींना फुकट शिक्षण: टायपिंग, लघुलेखन, शिवण, घरकाम. न्यूयॉर्कमधल्या आयरिश मुली तोवर बहुतेक परक्यांच्या घरी भांडी घासत आणि मुलं सांभाळत. टायपिंग येणारी मुलगी ऑफिसात खुर्चीवर बसू शकत होती. ती संस्था पुढे शंभराहून जास्त वर्षं चालली. कंपनीबद्दल मी असं म्हणू शकत नाही. तिनं पुढे १९६३ मध्ये मोंटानातल्या लिबी गावची एक खाण विकत घेतली, त्या खनिजात ॲस्बेस्टॉस होतं, आणि अख्खं गाव फुप्फुसांच्या आजारानं पोखरलं. कंपनी केव्हाच त्या पांढऱ्या इमारतीतून निघून गेली आहे. नाव राहिलं. माणूस स्वतः मार्च १९०४ मध्ये गेला, ब्रुकलिनच्या होली क्रॉस दफनभूमीत आहे.

ही सगळी गोष्ट मी परवा फोनवर नानांना सांगितली. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून जोरात, तुकड्या-तुकड्यांनी सांगावी लागली. शीटीच्या डोंगराचं ऐकून ते दोनदा म्हणाले, “दीडशे फूट?” चिनी मजुरांचं ऐकल्यावर काही बोलले नाहीत. महापौरकीत त्यांना रस वाटला नाही. कॉन्स्टेलेशनमधल्या बटाट्यांवर म्हणाले, “लांबचा प्रवास, वरच्यावर पालटत राहायला पाहिजे, नाहीतर खालचा थर तापतो.” मग बराच वेळ गप्प. मला वाटलं लाईन तुटली.

“त्याचा बाप,” नाना म्हणाले. “पोराला तिकडं ठेवून माघारी आला म्हणालास ना.”

“हो.”

“बोटीनं किती दिवस लागायचे?”

“शिडाची बोट, नाना. खालून वळसा घालून यायचं. तीन-चार महिने तरी.”

“चार महिने.” पलीकडे गोठ्यातल्या साखळीचा आवाज आला. “एकटाच ना?”

“तसंच असेल.”

नाना पुन्हा गप्प. मग म्हणाले, “सकाळपासून धुकं पडलंय इथं. पाठीवरचा पंप दुरुस्तीला टाकलाय, तो आणायला जातो. तू जेवून घे.”